उतरत्या छताची मोटार : घेण्यापूर्वीचा हिशेब

रायगडच्या किनारपट्टीवर, मुरूडपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत, अनेक घरांतील तरुण आखातात नोकरीला आहेत. रजेवर आलेल्या मुलाला नवी मोटार घ्यायची असते आणि हल्ली त्याची नजर 'स्पोर्टी कूपे'वर असते. दुकान किंवा कारखाना चालवणाऱ्या वडिलांना मात्र त्याच मोटारीतून माल आणायचा असतो, कुटुंबही न्यायचे असते. पैसा अनेक वर्षांच्या परदेशातील मेहनतीचा असतो. म्हणून हा हिशेब आम्ही मांडत आहोत.

कूपे म्हणजे मुळात दोन दारांची, मागच्या बाजूला छत उतरत गेलेली मोटार. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' ही दोन दारांची स्पोर्टी गाडी काढली होती. तिची बॉडी फायबरची असल्याने खाऱ्या हवेत पत्रा गंजण्याचा प्रश्न नव्हता. पण आसने दोनच! अशी गाडी कुटुंबाला पुरत नाही आणि धंद्यालाही नाही. आता कंपन्यांनी चार दारे कायम ठेवून फक्त छत उतरते केले आहे. टाटाची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट या दोन्ही २०२४ साली आल्या, मारुतीची फ्रॉन्क्स २०२३ साली.

तिन्हींत पहिला फरक कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून, लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० सीसीपर्यंत) असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापुढील मोटारींना ४० टक्के. कर्व्ह व बसाल्ट यांची पेट्रोल इंजिने १२०० सीसीच्या आतच आहेत, पण लांबी ४.३ मीटरच्या पुढे. फ्रॉन्क्सची लांबी ३.९९५ मीटर आहे. समजा, करापूर्वीची किंमत ८ लाख रुपये आहे. १८ टक्क्यांनी ती ९ लाख ४४ हजार होते, ४० टक्क्यांनी ११ लाख २० हजार. म्हणजे केवळ लांबीपायी १ लाख ७६ हजारांचा फरक! कर्व्हच्या विजेवर चालणाऱ्या मॉडेलला मात्र ५ टक्केच जीएसटी आहे.

त्या जादा लांबीचा मोबदलाही पाहिला पाहिजे. सामानाची जागा फ्रॉन्क्समध्ये ३०८ लिटर, बसाल्टमध्ये ४७० आणि कर्व्हमध्ये ५०० लिटर आहे. कापडाचे गठ्ठे किंवा हत्यारांच्या पेट्या नेणाऱ्याला हा फरक जाणवेल. मात्र छत उतरते असल्याने उंच खोके मावेल की नाही, ते खोके सोबत नेऊनच पाहावे. मागच्या आसनावर घरातील सर्वात उंच माणसाला बसवून पाहावे.

आपले रस्ते व जेट्ट्या लक्षात घेता जमिनीपासूनची उंचीही महत्त्वाची. कर्व्हची ती २०८ मिलिमीटर, फ्रॉन्क्सची १९० आणि बसाल्टची १८० आहे. आगरदांडा-दिघी फेरीबोटीने नेहमी ये-जा करणाऱ्यांनी हे आकडे विसरू नयेत. भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत २०२४ साली कर्व्हला ५ आणि बसाल्टला ४ तारे मिळाले. सिट्रोएनची सर्व्हिस केंद्रे टाटा व मारुतीच्या मानाने फार कमी आहेत. जवळचे केंद्र किती लांब आहे, ते आधी विचारावे. गाडी कोणतीही घ्या, खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप लावून घ्या.

व्यापारी बांधवांसाठी आणखी दोन गोष्टी. जीएसटी नंबर असला तरी स्वतःच्या वापराच्या प्रवासी मोटारीवरील जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोवर ते मिळू शकते. तसेच १० लाखांवरील मोटारीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून त्याचा दाखला जपून ठेवावा.

आमच्या मते, ज्याला माल न्यायचा नाही, त्याने केवळ डौलासाठी ४ मीटरची मर्यादा ओलांडू नये. ज्याला न्यायचा आहे, त्याने छोटी मोटार अधिक जुना टेम्पो असाही हिशेब एकदा करून पाहावा. मुलाची हौस आणि वडिलांचा धंदा, दोन्ही कदाचित त्याच पैशांत भागतील.