स्टार घरी, तिकीट मात्र पूर्ण! हा डावपेच की अन्याय?

समजा, मडगावच्या फातोर्डा मैदानाचं तिकीट तुमच्या फोनमध्ये आहे. मुलानं हट्ट करून सात नंबरची पिवळी जर्सीही घेतली आहे. आणि ऐन वेळी बातमी येते, की रोनाल्डो गोव्याला येणारच नाही. तुम्ही कोणावर रागवाल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये कितीतरी चाहत्यांवर ही वेळ आली. २२ तारखेला एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांच्यात एएफसी चॅम्पियन्स लीग टूचा सामना होता. ४० वर्षांचा रोनाल्डो संघाबरोबर आलाच नाही. स्पर्धेतल्या आधीच्या दोन सामन्यांतही तो खेळला नव्हता. तरीही अल नस्रनं सामना २-१ नं जिंकला. गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला आणि मैदान दणाणलं.

मग ही चाहत्यांची फसवणूक होती का? उत्तर देण्याआधी नियम बघूया.

नियम काय म्हणतो?

फुटबॉलचा नियम संख्येबाबत स्पष्ट आहे. एका वेळी मैदानात जास्तीत जास्त ११ खेळाडू आणि सामना सुरू करायला किमान ७. खेळाडू स्पर्धेसाठी नोंदवलेले हवेत. त्यांपैकी कोणाला उतरवायचं, हे प्रशिक्षक ठरवतो. सर्वात महागडा खेळाडू खेळलाच पाहिजे, असं खेळाच्या मूळ नियमांत कुठेही लिहिलेलं नाही.

यामागे कारणही आहे. मोठे क्लब अनेकदा तीन-चार दिवसांनी एक सामना खेळतात, त्यात विमानप्रवास वेगळा. रोज तेच ११ जण पळवले, तर दुखापत ठरलेलीच. आणि कोणाला तरी विश्रांती मिळते, तेव्हाच बाकावरच्या तरुणाला संधी मिळते. २०१९ च्या ड्युरंड कपमध्ये आयएसएलच्या काही क्लबांनी राखीव संघ पाठवले होते. स्पर्धेची शान गेली, अशी नाराजी झाली, पण अनेक नव्या मुलांना मोठ्या मैदानावर खेळायला मिळालं. २०२१ मध्ये एफसी गोवानं मुख्य संघ उतरवला आणि तो कप जिंकला. म्हणजे स्पर्धेला किती मान द्यायचा, हे ज्या त्या क्लबनं आपलं आपण ठरवलं.

इंग्लंडनं दंड करून पाहिला

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मात्र पूर्ण ताकदीचा संघ उतरवण्याचा नियम होता. डिसेंबर २००९ मध्ये वुल्व्ह्जचा सामना मँचेस्टर युनायटेडशी होता. प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांनी गोलरक्षक सोडून आधीच्या सामन्यातले दहाही खेळाडू बदलले. संघ ३-० नं हरला. पैसे खर्च करून आलेल्या त्यांच्याच चाहत्यांनी पैसे परत मागत घोषणा दिल्या. पण विश्रांती घेतलेल्या खेळाडूंनी पुढच्याच सामन्यात बर्नलीला २-० नं हरवलं. क्लबला २५ हजार पौंडांचा दंड झाला, तोही स्थगित.

पुढच्या वर्षी ब्लॅकपूलनं अॅस्टन व्हिलाविरुद्ध दहा बदल केले. हा ‘कमजोर’ संघ शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजला आणि ३-२ असा थोडक्यात हरला. तरीही क्लबला २५ हजार पौंडांचा दंड झालाच! आता सांगा, कमजोर कोणाला म्हणायचं? कागदावरची नावं बघून की मैदानावरचा घाम बघून?

खरा फटका तिसऱ्याला

या प्रश्नाची एक बाजू पटकन लक्षात येत नाही. दोन संघ खेळत असतात, पण नुकसान तिसऱ्याचं होऊ शकतं.

मे २००७ मध्ये लिव्हरपूलसमोर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती. म्हणून लीगमध्ये फुलहॅमविरुद्ध त्यांनी अनेक मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. फुलहॅमनं सामना १-० नं जिंकला. हंगाम संपला तेव्हा फुलहॅमचे ३९ गुण होते आणि शेफील्ड युनायटेडचे ३८. शेफील्ड गोल-फरकावर खालच्या विभागात गेला. लिव्हरपूलनं कोणताही नियम मोडला नव्हता. पण शेफील्डच्या चाहत्याला हे पटेल का?

फातोर्ड्याचा सामना याच नजरेनं बघा. रोनाल्डो नसताना गोवा जिंकला असता, तर गटातल्या इराक आणि ताजिकिस्तानच्या क्लबांनी तक्रार केली असती. अल नस्र जिंकला, त्यामुळे गुणतक्त्याला धक्का लागला नाही. हिरमोड झाला तो प्रेक्षकांचा.

गोव्यानं पाहिलेलं दुसरं टोक

गोव्यातच २००४ मध्ये खालच्या विभागाच्या लीगमध्ये काय झालं, हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. वर जाण्यासाठी दोन क्लबांत चुरस होती आणि निर्णय गोल-फरकावर येऊन ठेपला होता. कुडतरी जिमखान्यानं सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१ नं हरवलं आणि विल्फ्रेड लेझरनं दोना पावलाच्या क्लबला ५५-१ नं! ९० मिनिटांत ६१ गोल म्हणजे दीड मिनिटाला एक. गोवा फुटबॉल असोसिएशननं चारही क्लबांना निलंबित केलं.

फरक इथेच आहे. राखीव खेळाडू उतरवणं हा डावपेच आहे, कारण तो मुलगा जिंकायलाच उतरतो. उतरलेल्यांनी खेळायचंच नाही असं ठरवलं, तर ती फसवणूक आहे.

मग न्याय्य काय?

दंडानं हा प्रश्न सुटत नाही, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसलंच. त्यापेक्षा दोन सामन्यांमध्ये पुरेसे दिवस ठेवणं हा साधा उपाय आहे. आणि जो खेळाडू नक्की येणार नाही, त्याच्या नावावर तिकिटं विकू नयेत. तुम्हीही तिकीट घेताना एक लक्षात ठेवा, की आपण सामन्याचे पैसे देतोय, एका चेहऱ्याचे नाही.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या स्पर्धेतही हे घडतं. ‘आपण तर उपांत्य फेरीत पोचलो, आज छोट्यांना खेळवू,’ असं कोणी म्हटलं, तर छोट्यांना जरूर खेळवा. फक्त त्यांना ‘हरलात तरी चालेल’ असं सांगून मैदानात पाठवू नका. त्या दिवशीच्या निकालावर तिसऱ्या कोणत्या तरी टीमचं पुढे जाणं अवलंबून असेल. आणि त्या छोट्यांसाठी तर तोच सगळ्यात मोठा सामना असेल.