बॅप्टिस्ट पंथातील तरुण नेतृत्व : सेरामपूर मिशनचा अनुभव

मराठी भाषेच्या अभ्यासकांना विल्यम कॅरी हे नाव १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश यांमुळे परिचित आहे. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध झालेले हे काम ज्या सेरामपूर मिशनमधून बाहेर पडले, त्या मिशनच्या अंतर्गत इतिहासाकडे मात्र मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. धर्मसंस्थेच्या कारभारात तरुणांना स्थान कसे मिळते आणि मिळालेले स्थान पुढच्या पिढीला का नाकारले जाते, या दृष्टीने तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

बॅप्टिस्ट पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. बिशपसारखा वरिष्ठ अधिकारी नसतो. प्रौढपणी श्रद्धापूर्वक बाप्तिस्मा घेतलेले सभासद आपला पाळक स्वतः निवडतात. परिसरातील मंडळ्या एकत्र येऊन संघ स्थापन करतात. परंतु संघाला मंडळीवर हुकूम चालविता येत नाही. तत्त्वतः अशा रचनेत वय हा अडसर ठरू नये. व्यवहारात ज्येष्ठांचा शब्द बराच जड असतो. चांभारकाम करून उदरनिर्वाह करणाऱ्या तरुण कॅरीने नॉर्दॅम्प्टनशायर संघाच्या पाळकांसमोर परदेशी धर्मप्रसाराचा विषय काढला, तेव्हा थोरल्या जॉन रायलंड यांनी त्याला खाली बसविले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. रायलंड यांच्या पुत्राने तिच्या सत्यतेविषयी शंका व्यक्त केली होती. तरीही ती टिकून राहिली, कारण अनेकांना ती आपल्या अनुभवाची वाटली असावी.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या वेळी कॅरी ३१ वर्षांचे, अँड्र्यू फुलर ३८ वर्षांचे, तर बर्मिंगहॅमचे सॅम्युएल पीअर्स अवघे २६ वर्षांचे होते. पहिली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढी जमली. रक्कम किरकोळ होती. पण निर्णय घेणारे आणि जबाबदारी उचलणारे लोक एकच होते. तरुणांचा सहभाग म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. १८०० च्या प्रारंभी डॅनिश अमलाखालील सेरामपूर येथे त्यांना मार्शमन आणि मुद्रक वॉर्ड हे सहकारी मिळाले. दोघेही तिशीच्या आसपासचे. सर्वांचे उत्पन्न एका सामाईक निधीत जमा करावयाचे आणि व्यवस्थापनाची जबाबदारी आळीपाळीने वाहावयाची, असा नियम त्यांनी घातला. फोर्ट विल्यम कॉलेजमधील कॅरींचे वेतन, मार्शमन दांपत्याच्या शाळांचे उत्पन्न आणि छापखान्याची मिळकत याच निधीत जाई. मिशन स्वावलंबी झाले. संघर्षाचे बीजही या स्वावलंबनातच होते. ज्यांच्या श्रमातून मालमत्ता उभी राहिली, त्यांना तिच्यावरील नियंत्रण सोडणे स्वाभाविकपणेच जड गेले.

१८१५ मध्ये फुलर निवर्तले आणि लंडनच्या समितीशी असलेला विश्वासाचा दुवा तुटला. याच सुमारास नवे मिशनरी बंगालमध्ये दाखल होत होते. त्यांत कॅरींचे पुतणे युस्टेस कॅरी, विल्यम येट्स आणि केटरिंगच्या सभेतील त्याच सॅम्युएल पीअर्स यांचे पुत्र विल्यम पीअर्स हे प्रमुख होत. सारे विशीतले. मिशनच्या कारभारात आपल्याला सल्ल्यापुरतेही स्थान नाही, विशेषतः मार्शमन यांचे वर्चस्व असह्य आहे, अशी त्यांची तक्रार होती. नवागतांना कष्टांची जाण नाही, असे ज्येष्ठांना वाटे. दोन्ही बाजूंत तथ्य होते; पण पूर्वी स्वतः आळीपाळीचा नियम घालणाऱ्यांनी तो नव्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचविला नाही, हा दोष ज्येष्ठांकडेच जातो.

परिणामी तरुण मंडळी वेगळी झाली आणि कलकत्त्यात त्यांनी स्वतंत्र कार्य सुरू केले. १८१८ मध्ये पीअर्स यांनी तेथे बॅप्टिस्ट मिशन प्रेस उभारला; येट्स पुढे बंगाली बायबलचे भाषांतरकार म्हणून मान्यता पावले. बाहेर पडलेले तरुण अपात्र नव्हते, हे यावरून दिसते. त्यांच्याशी पुढे सलोखा झाला, परंतु मालमत्तेचा वाद लंडनशी चालूच राहिला आणि १८२७ मध्ये सेरामपूर व सोसायटी विभक्त झाल्या.

विशेष असे की, याच काळात ज्येष्ठांनी तरुण घडविण्याची सर्वांत मोठी संस्था उभी केली. सेरामपूर कॉलेजची स्थापना १८१८ ची. पदव्या देण्याचा अधिकार देणारी डॅनिश राजाची सनद १८२७ ची. दोन्ही वर्षे फुटीचीच. भारतीय ख्रिस्ती तरुणांना शिक्षण देऊन धर्मकार्य त्यांच्या हाती सोपवावे, ही त्यामागची दृष्टी दूरची होती. इंग्रज तरुणांबाबत जे औदार्य कमी पडले, ते भारतीय विद्यार्थ्यांबाबत कागदोपत्री तरी दिसते. मात्र शिक्षण देणे आणि निधीच्या किल्ल्या देणे यांत अंतर असते. स्थानिक उपदेशक दीर्घकाळ मिशनचे वेतनधारकच राहिले.

वॉर्ड १८२३ मध्ये आणि कॅरी १८३४ मध्ये निवर्तले. डिसेंबर १८३७ मध्ये मार्शमन यांचे निधन झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये सेरामपूर आणि सोसायटी यांच्या पुनर्मीलनाचा निर्णय झाला होता.