वजनघटीतील स्थिरावस्था

वजनघटीतील स्थिरावस्था : नियंत्रित आहार व व्यायाम यांच्या योगे शरीराचे वजन काही काळ कमी होत गेल्यावर, तोच क्रम चालू असताही ते एका पातळीवर स्थिर होते. या अवस्थेस वजनघटीतील स्थिरावस्था म्हणतात. दोन-चार दिवस काटा न हलणे म्हणजे स्थिरावस्था नव्हे. शरीरातील पाणी, मिठाचे सेवन, मलावरोध, स्त्रियांमधील मासिक पाळी इत्यादींमुळे वजनात रोज एक-दोन किग्रॅ.चा चढउतार सहज होतो. आठवड्यातील वजनांची सरासरी व कमरेचा घेर ही दोन्ही चार आठवड्यांपर्यंत बदलली नाहीत, तरच वजन स्थिरावले असे समजणे योग्य ठरते. ही अवस्था वजन कमी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. तिचे स्वरूप ठाऊक नसल्याने काही जण निराश होऊन प्रयत्न सोडून देतात, तर काही जण उपासमारीचा मार्ग धरतात. या दोन्ही गोष्टी अहितकारक आहेत.

वजनघटीचा क्रम : आहार कमी केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते. ही घट मुख्यत्वे मेदाची नसते. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन या रूपात सुमारे ५०० ग्रॅ. कार्बोहायड्रेट साठविलेले असते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅ. पाणी असते. हा साठा वापरला गेला की ते पाणीही बाहेर पडते. त्यानंतर मेद खर्ची पडू लागतो व वजनघटीचा वेग साहजिकच मंदावतो. १ किग्रॅ. मेद-ऊतकात सुमारे ७,७०० किलोकॅलरी (किकॅ.) ऊर्जा असते. यावरून ‘रोज ५५० किकॅ. कमी घेतल्यास दर पंधरवड्यास १ किग्रॅ. वजन घटेल’ असा हिशेब १९५८ नंतर दीर्घकाळ प्रचारात होता. परंतु वजनाबरोबर शरीराचा ऊर्जाव्ययही कमी होत जातो, ही गोष्ट या हिशेबात धरलेली नव्हती. केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, आहारातील ऊर्जा रोज सुमारे २४ किकॅ. याप्रमाणे कायमची कमी केल्यास वजन कालांतराने १ किग्रॅ. एवढे घटते. त्यातील निम्मी घट सुमारे एका वर्षात होते व उरलेली होण्यास आणखी दोन-तीन वर्षे लागतात. अर्थात प्रत्येक आहारक्रमाचा शेवट कोणत्या तरी स्थिर वजनात होणे अटळ असते.

कारणे : शरीराचा दैनंदिन ऊर्जाव्यय तीन प्रकारांनी होतो. श्वसन, रुधिराभिसरण, शरीराचे तापमान राखणे इत्यादींसाठी विश्रांतीच्या वेळीही जी ऊर्जा लागते, तीस मूलभूत चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांमध्ये एकूण व्ययाचा ६० ते ७० टक्के भाग तिचाच असतो. सुमारे १० टक्के ऊर्जा अन्नपचनात खर्च होते व उरलेली हालचालींत [⟶ चयापचय]. वजन घटले की हे तिन्ही व्यय कमी होतात. शरीर लहान झाल्याने मूलभूत चयापचयास कमी ऊर्जा लागते, अन्न कमी झाल्याने पचनाचा व्यय उतरतो आणि हलके शरीर हालविण्यास श्रम कमी पडतात. मेदाबरोबर स्नायूही झिजले असल्यास मूलभूत चयापचय आणखी घटतो.

याखेरीज शरीर काटकसरही करते. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, परंतु मूलभूत चयापचय त्याहून अधिक, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. १९९५ मध्ये रूडॉल्फ लायबेल व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, वजन १० टक्के कमी झाल्यावर ऊर्जाव्यय गमावलेल्या ऊतकांच्या मानानेही अधिक घटतो. या आविष्कारास अनुकूली ऊष्मानिर्मिती म्हणतात. १९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टीन हे हॉर्मोन मेद-ऊतकात तयार होते व शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूतील अधोथॅलॅमसाला कळविते. मेद घटला की लेप्टीन कमी होते, तर जठरात तयार होणारे घ्रेलीन हे भूक वाढविणारे हॉर्मोन वाढते. हे बदल वजन घटल्यानंतर एका वर्षानेही टिकून राहिल्याचे आढळले आहे. एका गणनेनुसार घटलेल्या प्रत्येक किग्रॅ.मागे ऊर्जाव्यय रोज २० ते ३० किकॅ. नी घटतो, तर भूक सुमारे १०० किकॅ. नी वाढते. यावरून वजन स्थिरावण्यात मंदावलेल्या चयापचयापेक्षा वाढलेल्या भुकेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. भूक वाढल्यावर मोजमापाकडे नकळत दुर्लक्ष होते व आहार थोडा थोडा वाढत जातो.

उदाहरण : १५५ सेंमी. उंचीच्या, ४५ वर्षे वयाच्या व बैठे काम करणाऱ्या एका स्त्रीचे वजन ८० किग्रॅ. आहे असे समजू. मिफ्लिन व त्यांचे सहकारी यांच्या १९९० मधील सूत्राने तिचा मूलभूत चयापचय सुमारे १,३८० किकॅ. व एकूण दैनंदिन व्यय सुमारे १,९४० किकॅ. येतो. ती १,५०० किकॅ. आहार घेत असल्यास रोज सुमारे ४४० किकॅ. ची तूट पडते. वजन ७० किग्रॅ. झाल्यावर एकूण व्यय सुमारे १,८०० किकॅ. होतो व तूट ३०० वर येते. काटकसरीने आणखी १०० किकॅ. वाचल्या असे धरल्यास २०० उरतात. अशा वेळी आमटी-भाजीत १० ग्रॅ. तेल (९० किकॅ.) जास्त पडले आणि दुपारी २० ग्रॅ. शेंगदाणे (सुमारे १०५ किकॅ.) खाल्ले गेले, तर तूट शून्यावर येते व वजन स्थिरावते. हे आकडे अंदाजी असून व्यक्तीपरत्वे बदलतात. परंतु नवा समतोल किती लहान गोष्टींनी साधला जातो, हे त्यावरून स्पष्ट होते. यात इच्छाशक्तीचा दोष नसतो व ऊर्जेच्या नियमांचा भंगही होत नाही.

आहारविषयक उपाय : स्थिरावस्थेत प्रथम आहाराची नोंद पुन्हा काटेकोरपणे करावी. तीन-चार दिवस सर्व पदार्थ शिजविण्यापूर्वी तोलून पाहिल्यास तेल, तूप, साखर, दाण्याचे कूट, चहाबरोबरची बिस्किटे व फरसाण यांतून आलेली ऊर्जा लक्षात येते. त्यानंतर नव्या वजनानुसार गरज पुन्हा काढून आहार सुमारे १०० ते २०० किकॅ. नी कमी करावा किंवा तेवढा व्यय वाढवावा. दोन्ही थोडे थोडे करणे अधिक सुसह्य असते. प्रथिनांचे प्रमाण वाढविणे विशेष उपयुक्त ठरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किग्रॅ.मागे ०·८३ ग्रॅ. प्रथिनांची शिफारस केली. वजन कमी करताना स्नायू राखण्यासाठी सामान्यतः त्याहून अधिक, १ ते १·२ ग्रॅ. प्रथिने सुचविली जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र ती वैद्याच्या सल्ल्यानेच वाढवावीत. कडधान्ये, ताक, अंडी, मासे, पालेभाज्या व कोंड्यासह दळलेली धान्ये यांनी कमी ऊर्जेत पोट भरल्याची भावना होते. हे तत्त्व भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात स्थूल व्यक्तीसाठी पचण्यास जड परंतु शरीराचे पोषण न वाढविणारे अन्न सांगितले असून व्यायाम क्रमाक्रमाने वाढविण्याचा उपदेश आहे.

जेवणाच्या वेळा मर्यादित करण्याचे प्रकारही प्रचारात आहेत. महाराष्ट्रात श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व पुढे जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत लोकप्रिय आहे. अशा पद्धतींनी एकूण आहार घटत असेल, तर वजन घटते. दोन जेवणांतच पूर्वीइतकी ऊर्जा घेतली गेल्यास स्थिरावस्था कायम राहते. इन्शुलीन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यास विचारल्याशिवाय जेवण वगळू नये.

व्यायाम : केवळ व्यायामाने वजन फारसे घटत नाही, कारण व्यायामानंतर भूक वाढते व दिवसातील इतर हालचाली नकळत कमी होतात. तथापि घटलेले वजन टिकविण्यात व स्नायू राखण्यात व्यायामाचे महत्त्व मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला. स्थिरावस्थेत या दुसऱ्या प्रकाराची विशेष गरज असते व बहुतेकांकडून तोच वगळला जातो. त्यासाठी साधनांची आवश्यकता नाही. तालमीतील जोर-बैठकांचा त्यास उपयोग होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे व भिंतीला हात टेकून जोर काढणे यांपासून आरंभ करावा. एकच व्यायाम महिनोन्‌महिने केल्यास शरीरास तो सोपा होतो, म्हणून त्याचा वेग, चढ किंवा भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

चांदवड परिसरातील उदाहरण : हे उपाय त्या त्या भागातील अन्न व श्रम यांच्या संदर्भात ठरवावे लागतात. नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे सातमाळा डोंगररांगेतील, मुंबई-आग्रा महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने पाहता येईल. हा भाग अवर्षणप्रवण असून बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाज्या, ठेचा व कांदा हा येथील जुना आहार होय. जात्यावरचे दळण, विहिरीवरून आणलेले पाणी, मोट व पायी प्रवास यांच्या काळात भरपेट भाकरी श्रमांत खर्ची पडत असे. पिठाची गिरणी, विजेचा पंप, ट्रॅक्टर व मोटारसायकल यांनी हे श्रम कमी केले, पण ताटातील वाढप त्याच प्रमाणात घटले नाही. कांद्याची लागवड व काढणी यांच्या हंगामात शेतात राबणाऱ्यांचा ऊर्जाव्यय मोठा असतो व हंगाम संपताच तो उतरतो. म्हणून अशा व्यक्तीने वर्षभर एकच आहार ठेवल्यास तिचे वजन कधी घटते व कधी अडते. त्याच गावात दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्याची गरज सर्वस्वी वेगळी असते.

उपवासाचे उदाहरणही बोधप्रद आहे. चांदवड येथे रेणुकादेवीचे प्रसिद्ध मंदिर असून नवरात्रात अनेक कुटुंबांत नऊ दिवसांचे उपवास केले जातात. उपवासाने वजन उतरेल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ६० ग्रॅ. साबुदाणा, ३० ग्रॅ. दाण्याचे कूट व १५ ग्रॅ. तूप यांच्या खिचडीत सुमारे ५०० किकॅ. ऊर्जा व केवळ ७ ग्रॅ. च्या आसपास प्रथिने असतात. याउलट ६० ग्रॅ. पिठाची बाजरीची भाकरी व ३० ग्रॅ. मटकीची ५ ग्रॅ. तेलातील उसळ यांत सुमारे ३५५ किकॅ. ऊर्जा व १३ ग्रॅ. च्या आसपास प्रथिने मिळतात. उपवासाचे धार्मिक मोल यामुळे कमी होत नाही. वजन घटविण्याचे साधन म्हणून मात्र साबुदाण्याचा उपवास उपयोगी पडत नाही. वरईचा भात, ताक, काकडी, फळे व मोजके दाणे असा फराळ त्यापेक्षा हलका होतो.

व्यायामाच्या दृष्टीने चढाची वाट ही या डोंगराळ भागाची देणगी आहे. ७० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीने १०० मी. उंची चढल्यास केवळ त्या चढासाठी सुमारे ६५ किकॅ. खर्च होतात, शिवाय मांड्यांच्या स्नायूंना बळ मिळते. सपाटीवर चालून वजन अडलेल्यांनी आठवड्यातून दोन-तीन वेळा चढाचा मार्ग धरल्यास व्ययात उपयुक्त भर पडते. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गुडघ्यांचा विकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

वैद्यकीय बाजू : अवटू ग्रंथीची मंदता, बीजकोशांचा बहुपुटी विकार, अपुरी झोप, तसेच स्टेरॉइडे, इन्शुलीन व काही मनोविकारांवरील औषधे यांमुळेही वजन अडते. अशा वेळी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. अवटू ग्रंथी निरोगी असताना केवळ वजनासाठी थायरॉक्सिनाच्या गोळ्या घेणे हृदयास धोक्याचे असते. अतिशय अल्प आहाराने स्नायूंचा ऱ्हास, पित्ताशयात खडे, केस गळणे व मासिक पाळीत बिघाड हे दोष उद्‌भवतात. गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि मुळात कृश असलेल्या व्यक्ती यांनी वजन घटविण्याचे प्रयत्न करू नयेत. एकाच घरात एक व्यक्ती स्थूल व दुसरी कुपोषित असू शकते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. सेमाग्लुटाइडासारखी भूक कमी करणारी नवी औषधे घेणाऱ्यांचे वजनही सुमारे वर्षभराने स्थिरावते व औषध थांबविल्यावर पुन्हा वाढू लागते.

स्थिरावस्थेचे मूल्यमापन : वजन हे आरोग्याचे एकमेव माप नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैज्ञानिक जॉन युडकिन या दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक सारखाच, २२·३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के, तर युडकिन यांच्यात ९·१ टक्के होते. ही तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीयांत दिसण्यात सडपातळ असूनही मेद, विशेषतः पोटातील मेद, अधिक असतो व मधुमेह कमी वजनावरही जडतो, हे त्यावरून ध्यानी येते. म्हणून भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांहून कमी असावा, असे मानतात. व्यायामाने स्नायू वाढून मेद घटत असल्यास काटा स्थिर राहूनही कमरेचा घेर कमी होतो. चेन्नई येथील ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांच्या २००६ मधील अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार-व्यायामाचा क्रम पाळल्यावर वजन फारसे न घटताही मधुमेहाचा धोका २८·५ टक्क्यांनी कमी झाला.

मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घटीनेही रक्तदाब, रक्तशर्करा व सांधेदुखी यांत सुधारणा होते. तेवढी घट साधून वजन स्थिरावले असल्यास काही महिने ते तसेच राखणे, हेही यश होय. शरीर त्या वजनास सरावल्यावर, आवश्यकता असल्यास, पुढच्या टप्प्याचा विचार करता येतो. नव्या वजनानुसार हिशेब पुन्हा मांडून, स्नायू राखून व धीर धरून केलेला प्रयत्नच टिकतो. उपासमारीने घटविलेले वजन बहुधा परत येते व सोबत गमावलेले स्नायू मात्र तितक्या सहज परतत नाहीत.