घोड्याच्या पोटातली माशी

मधमाशीसारखी दिसणारी केसाळ माशी पायांभोवती घोंघावू लागली की शांत घोडाही बिथरतो. ही बॉट माशी. घोडा, गाढव, खेचर यांच्या पोटात तिच्या अळ्या वाढतात. तिची सर्वांत परिचित जात ‘गॅस्टरोफिलस इंटेस्टिनॅलिस’. तिच्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : ही माशी चावते.
वस्तुस्थिती : तिला चावताच येत नाही. प्रौढ माशीचं तोंड निकामी असतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती थोडे दिवस जगते आणि तेवढ्यात शेकडो अंडी घालते. घोडा बिथरतो तो तिच्या घिरट्यांमुळे. रक्त पिणारी गोमाशी वेगळी.

गैरसमज : पुढच्या पायांवरचे पिवळे ठिपके खराऱ्याने निघतात.
वस्तुस्थिती : ती केसांना घट्ट चिकटलेली अंडी आहेत. साध्या ब्रशाला ती दाद देत नाहीत. त्यांना बोथट पात्याने खरवडावं लागतं. कोमट पाण्याच्या फडक्याने घासलं तर ऊब आणि ओल मिळून ती फुटतात, अळ्या बाहेरच मरतात. हातमोजे मात्र घालावेत. ही अळी क्वचित माणसाच्या कातडीतही शिरते.

गैरसमज : अळी थेट पोटात जाते.
वस्तुस्थिती : घोडा पाय चाटतो तेव्हा अळी तोंडात येते आणि जिभेत शिरून सुमारे ३ आठवडे तिथेच वाढते. मग जठराच्या आतल्या अस्तरात आकडे रोवून ८ ते १० महिने मुक्काम ठोकते.

गैरसमज : लिदीत अळ्या दिसल्या, म्हणजे घोडा हातचा गेला.
वस्तुस्थिती : पूर्ण वाढलेली अळी आपणहून लिदीवाटे बाहेर पडते आणि मातीत कोषात जाते. अळ्या थोड्या असतील तर बहुतेक घोड्यांना त्रास जाणवत नाही. फार झाल्या तर जठरात व्रण होऊ शकतात.

गैरसमज : जंतांचं कुठलंही औषध चालतं.
वस्तुस्थिती : फेनबेंडाझोल आणि पायरँटेल यांचा या अळ्यांवर उपयोग होत नाही, आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन लागतं. माश्यांचा हंगाम सरल्यावर दिलेला डोस त्या वर्षीच्या बहुतेक अळ्यांना गाठतो. मात्रा घोड्याच्या वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यालाच विचारावी. हंगामात रोजच्या खराऱ्याच्या वेळी पुढचे पाय नीट पाहिले, तर पोटात जाणाऱ्या अळ्यांची संख्या आधीच कमी होते.