चिपळूणच्या आभाळासाठी एक तार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि माडीवर अडकलेल्या माणसांना आपला ठावठिकाणा बाहेर कळवणं अवघड झालं. २००५च्या जुलैतही या शहराने पूर सोसला होता. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते, वीज गेली की बॅटरी आणि डिझेल लागतं, शिवाय बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल शाबूत असावी लागते. पूर नेमका याच गोष्टींवर घाला घालतो. म्हणून चिपळूणला संपर्काची दुसरी वाट हवी. ती हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, घरी बनवलेल्या तारेच्या अँटेनाने मिळू शकते असं माझं म्हणणं आहे. मात्र ती तार बाजारातून आणण्याआधी संगणकावर ताणून पाहायला हवी.

अडचण इथल्या भूगोलाची आहे. एका बाजूला परशुराम घाट, दुसरीकडे कुंभार्ली आणि पाठीशी सह्याद्री. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बोलायला त्या उत्तम, पण डोंगर आडवा आला की थांबतात. त्यांच्यासाठीचा अँटेना अगदी साधा असतो: सुमारे ४९ सेंटिमीटरची उभी तार आणि बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा. या चार तारा आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो. ४५ अंशांत खाली झुकवल्या की तो ५० ओहमजवळ येतो आणि नेहमीच्या केबलशी जुळतो. पुण्या-मुंबईपर्यंत पोचायचं असेल तर मात्र ७ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा लागतो. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ वर पाठवल्या की आयनमंडलातून परत फिरतात आणि फवाऱ्याच्या पाण्यासारख्या चहूबाजूंना तीनेकशे किलोमीटरपर्यंत उतरतात. त्यांना घाट आडवा येत नाही.

इथेच एक रूढ समज आड येतो: अँटेना जितका उंच तितका चांगला. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २० मीटर लांब होते. ती आडवी बांधून १० मीटरवर ठेवली तर बहुतेक शक्ती आभाळाकडे जाते. तीच २१ मीटरवर चढवली की डोक्यावरची दिशा जवळपास रिकामी होते आणि झोत क्षितिजापासून तीसेक अंशांवर झुकतो, म्हणजे शेकडो किलोमीटर पलीकडे पडतो. पुण्याशी बोलू पाहणाऱ्याला तो निरुपयोगी. खर्च करून मनोरा उभारायचा आणि नेमकी हवी ती दिशा गमवायची, हे नुकसान संगणक काही मिनिटांत दाखवतो. दोन माडांमधली किंवा कौलारू घराच्या पाखाडीपासून पोफळीपर्यंत गेलेली तार या कामाला पुरते, ही कोकणासाठी केवढी सोय आहे!

हा हिशेब करणारी आज्ञावली अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत घडली. तिची दुसरी आवृत्ती १९८१ची. ती तारेचे लहान लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यातल्या विद्युतप्रवाहाचा इतर सगळ्यांवर होणारा परिणाम समीकरणांत मांडते आणि ती एकत्र सोडवते. तिच्यावर आधारलेली ‘फोरनेकटू’सारखी साधनं फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. जमिनीची वाहकता आपण भरायची असते, आणि जांभ्याच्या सड्यावरची जमीन भातखाचरातल्या चिखलासारखी वागत नाही. दोन्ही आकडे घालून पाहिले तर उत्तर किती हलतं ते समजतं.

यावर पहिला आक्षेप असा की पडद्यावरचा अँटेना भिजत नाही, गंजत नाही, त्याला शेजारचा पत्रा लागत नाही. हे खरंच आहे. म्हणून तार गणितापेक्षा थोडी लांब कापावी, मीटर लावून परावर्तन मोजावं आणि मग छाटावी. सांधे खाऱ्या दमट हवेपासून झाकावेत. गणिताने चाचणी टळत नाही, पण चाचण्यांची संख्या फार कमी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्री आयनमंडल विरळ होतं आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी वर निसटतात. त्यासाठी ३.६ मेगाहर्ट्झची, सुमारे ४० मीटरची, वेगळी तार हवी, आणि तेवढी मोकळी जागा बाजारपेठेत मिळणार नाही. ती शाळेच्या मैदानावर शोधावी लागेल. सॅटेलाइट फोन आहेत की, असंही कोणी म्हणेल. ते मोजक्या अधिकाऱ्यांकडेच असतात, आणि फोनवर एक जण एकाशी बोलतो. रेडिओवरचा निरोप ऐकणारे सगळे एकदम ऐकतात.

घरगुती म्हणजे दुय्यम, हा शेरा तर मुळीच पटण्यासारखा नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ महादुर्बीण पाहा. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीने घडवल्या, कारण मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पुरते आणि वारा तिच्यातून निघून जातो. कमी सामान, पक्कं गणित.

राहिला परवाना. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा आणि परवाना दोन्ही लागतात, आणि ते पूर आल्यावर मिळत नाहीत. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने हिवाळ्यात परीक्षेची तयारी आणि संगणकावरची आखणी उरकावी. तारा विजेच्या वाहिन्यांपासून दूर, मृगाआधी बांधून व्हाव्यात आणि बारा व्होल्टची बॅटरी पुराच्या रेषेवरच्या मजल्यावर ठेवलेली असावी.