संस्थेची क्षमता : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संस्थेची क्षमता वाढवायची म्हणजे प्रशिक्षण शिबिर भरवायचे, असे सर्रास मानले जाते. शिबिराने फक्त सुरुवात होते. शिकलेले काम रोजच्या व्यवहारात उतरले आणि एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याला ते करता आले, तरच संस्था सक्षम झाली म्हणायचे.

पाणीवाटपाचे उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण आहे. अशा प्रकल्पांच्या कालव्यांवरील पाणीवापर संस्थांसाठी राज्याने २००५ मध्ये कायदा केला. त्यानुसार संस्थेला पाणी मोजून मिळते. पुढचे वाटप, पाणीपट्टीची वसुली आणि चाऱ्यांची देखभाल संस्थेनेच करायची असते. त्यासाठी चारीच्या मुखाशी पट्टीवरची पातळी वाचायची, तक्त्यावरून विसर्ग काढायचा, पाणी किती तास चालले ते लिहायचे आणि घनमीटरचा हिशेब जुळवायचा. हे एकालाच येत असेल आणि ऐन आवर्तनात तोच आजारी पडला, तर शेवटच्या शेतकऱ्याला त्याच्या हक्काचे पाणी किती, हे सांगणारे कोणी उरत नाही. कायद्याने संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले आहे ते उगाच नव्हे. पुच्छाकडच्या संचालकाला नोंदी वाचता आल्या, तरच त्याच्या खुर्चीला अर्थ येतो.

शिकायचे ते सचिवाने आणि कारकुनाने, हाही एक समज. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम २४अ सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या तिघांच्याही शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकते. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न सभासदाने विचारायचा असतो. त्याला ताळेबंद कळला नाही, तर सभा केवळ हात वर करण्यापुरती उरते.

अनुदान मिळाले की संस्था उभी राहते, असेही अनेकांना वाटते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत शेतकरी उत्पादक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. ही संस्था उत्पादक कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर तिला सभासदांबाहेरचा पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो. चौथ्या वर्षापासून त्याचा पगार कंपनीच्या खरेदी-विक्रीतून निघायला हवा. म्हणून बाजार शोधणे आणि प्रतवारी ही कामे पहिल्याच वर्षी शिकायची असतात.

खमका नेता असला की संस्था चालते, हा सर्वांत घट्ट गैरसमज आहे. दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळाच्या सुमारास उभारले. निराधार मुलींना आणि विधवांना आसरा देऊन त्या थांबल्या नाहीत. तिथे विणकाम, शिवणकाम आणि छपाई शिकवली जाई. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम तिथल्याच स्त्रियांनी केले. उत्तराधिकारी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई त्या कन्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. वर्षाच्या आत दोन्ही आधार तुटूनही मिशन चालू राहिले आणि आजही चालू आहे. रमाबाईंचे कर्तृत्व अलौकिक होतेच. पण हातांना कामे शिकवलेली नसती, तर त्यांच्या माघारी मिशन एकट्या पुण्याईवर तगले नसते.

शिबिरांची आणि उपस्थितांची संख्या म्हणजे प्रगती, हा समज अहवालांमुळे पसरतो. खरी प्रगती संस्थेच्या दप्तरात दिसते : सभेचे इतिवृत्त किती दिवसांत लिहिले गेले, थकबाकीची यादी अद्ययावत आहे का, आणि लेखापरीक्षकाने गेल्या वर्षी दाखवलेला दोष दोषदुरुस्ती अहवालात मिटला, की यंदाही तोच शेरा पडला.