महाधमनीला आतून अस्तर

डिसेंबर १९४८. ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचं पोट उघडलं. आत महाधमनी फुग्यासारखी फुगली होती. तो भाग कापून नवी नळी जोडायची विद्या तेव्हा कुणाकडे नव्हती. निसेन यांनी फुगवट्याला बाहेरून सेलोफेन गुंडाळलं. त्याच्या चुरचुरीने भोवती जाड पापुद्रा धरेल आणि भिंतीला आधार मिळेल, हा हिशेब. आइन्स्टाइन त्यावर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ मध्ये फुगवटा फुटला. तोवर नवी शस्त्रक्रिया आली होती, पण त्यांनी ती नाकारली आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटरवर गेली की फुगवटा म्हणायचा. पुरुषांमध्ये साडेपाचला पोचली की दुरुस्तीचा विचार सुरू होतो. दुखणं बहुधा नसतंच, आणि सगळा घात तिथेच आहे.

बाहेरून गुंडाळण्याऐवजी आतून अस्तर लावलं तर? अर्जेंटिनाचे हुआन पारोदी १९७६ पासून याच विचाराने झपाटलेले होते. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनॉस आयर्समध्ये त्यांनी ते करून दाखवलं: जांघेतल्या धमनीतून कापडी नळी वर नेली आणि हुलिओ पालमाझ यांच्या स्टेंटने ती आत घट्ट बसवली. छातीतल्या महाधमनीत असा प्रयोग युक्रेनमधल्या खारकीव्हच्या निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्येच केला होता. पण तो रशियन भाषेत छापून आला आणि पश्चिमेत फारसा कुणी वाचला नाही. त्यांचं नाव आजही मागेच राहतं, हे बरं नव्हे.

आजचं अस्तर पायजम्याच्या आकाराचं असतं. कंबर महाधमनीत, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली. दोन पाय दोन मांड्यांकडे. एक पाय पूर्ण, दुसरा आखूड. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीत चेपून ते वर नेतात. मग दुसऱ्या जांघेतून बारीक तार सरकवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, आखूड पायाचं तोंड गाठायचं आणि उरलेला पाय तिथे जोडायचा. सुईत दोरा ओवावा तसं हे काम. फक्त सुई दिसते सावलीसारखी.

ब्रिटनच्या ‘ईव्हार-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू पोट उघडून ४.७ टक्के, तर या पद्धतीने १.७ टक्के होते. फरक मोठा आहे. मात्र १५ वर्षांच्या पाठपुराव्यात ही आघाडी पुसली गेली. आठ वर्षांनंतर फुगवट्यामुळे होणारे मृत्यू उलट अस्तरवाल्यांमध्येच जास्त निघाले. कारण फुगवटा जागेवरच असतो. अस्तर सरकलं किंवा कडेने रक्त झिरपलं, तर तो पुन्हा ताणतो. म्हणून टाके सुकले तरी नियमित तपासणी जन्मभराची. घरी लवकर परतलेला रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणून ती टाळतो, आणि घरच्यांनी अडून बसायला हवं ते नेमकं तेव्हाच.

इंग्लंडमध्ये पुरुषाला पासष्टाव्या वर्षी पोटाच्या सोनोग्राफीचं बोलावणं येतं. भारतात अशी राष्ट्रीय योजना नाही. सिगारेट-विडी ओढलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषाने मात्र कुणाच्या बोलावण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावं. तपासणी काही मिनिटांची असते आणि ती दुखत नाही.